स्पीकर खरंच जोडलेला आहे का? रास्पबेरी पायवरच्या स्क्रिप्टला हे नेमकं कसं कळावं

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा एक छोटा संगणक पडलेला असतो. त्याला हेडफोनचं भोक नाही, त्यामुळे आवाजाची सगळी भिस्त शेजारच्या ब्लूटूथ स्पीकरवर. रोज सकाळी सहाला भूपाळ्या लावायच्या, पण स्पीकर चालू असेल तरच. नसेल तर लॉगमध्ये तशी नोंद करून गप्प बसायचं. स्क्रिप्टला मी एवढंच काम दिलं होतं. पहिल्या आठवड्याच्या लॉगमध्ये सातही दिवस ‘वाजवलं’ असं होतं, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे त्यातले तीन दिवस घरात चिडीचूप होतं. आईचंच खरं होतं. माझी तपासणी ‘येस’ हा शब्द शोधत होती, आणि स्पीकर बंद करून कपाटात ठेवला तरी त्याच्या माहितीत ‘पेअर्ड: येस’ ही ओळ असतेच.

असले घोळ बहुतेक एकाच जातीचे असतात. आपण ‘जोडलेला’ म्हणतो तेव्हा त्यात चार निरनिराळ्या अवस्था मिसळलेल्या असतात.

पहिली, जोडी जुळलेली: पाय आणि स्पीकर यांनी कधीकाळी एकमेकांची ओळख करून घेतली. स्पीकर आज मामाच्या गावाला असला तरी हे खरंच राहतं. दुसरी, दुवा चालू: या क्षणी दोघांत रेडिओचा संपर्क आहे. तिसरी, सेवा समजलेल्या: समोरचं यंत्र काय काय करू शकतं ते पायला कळलं. चौथी, आवाजाची वाट तयार: ध्वनीच्या सर्व्हरने (पायवरचा आवाज योग्य जागी पोचवणाऱ्या प्रोग्रामने) त्या स्पीकरसाठी सिंक उघडला, म्हणजे आवाज ओतायची जागा तयार झाली. गाणं वाजायला चौथी अवस्था लागते. लोकांच्या स्क्रिप्ट तपासतात पहिली, फार तर दुसरी.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. पाचव्यापासून सुरुवात केलीत तर चूक पहिल्यात असेल आणि शोधाल पाचव्यात.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. ‘सीटीएल’ म्हणजे सी, टी, एल ही तीन अक्षरं, आधीच्या शब्दाला चिकटून. स्पीकरचा पत्ता नमुन्यादाखल एए:बीबी:सीसी:११:२२:३३ असा धरला आहे. त्याच्या जागी तुमचा घाला.

टप्पा १: पायची स्वतःची तयारी

स्पीकरकडे बोट दाखवण्याआधी पायकडे बघा. ब्लूटूथची सेवा चालू आहे का?

    सिस्टमसीटीएल इज-अ‍ॅक्टिव्ह ब्लूटूथ

उत्तर ‘अ‍ॅक्टिव्ह’ यायला हवं. मग रेडिओ कुणी दाबून ठेवलाय का ते पाहा:

    आरएफकिल लिस्ट

ब्लूटूथच्या ओळीखाली ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ दिसलं तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’ (‘सुडो’ म्हणजे रूटच्या, पायच्या मुख्य युजरच्या, अधिकाराने). त्यानंतर:

    ब्लूटूथसीटीएल शो

यात ‘पॉवर्ड: येस’ ही ओळ शोधा. नसेल तर ‘ब्लूटूथसीटीएल पॉवर ऑन’.

आता ध्वनीचा सर्व्हर, कारण खरी मेख तिथे असते. रास्पबेरी पाय ओएसच्या बुल्सआय आवृत्तीत डेस्कटॉपवर पल्सऑडिओ होता, बुकवर्मपासून पाइपवायर आला. डेस्कटॉप नसलेल्या लाइट आवृत्तीत मात्र यांतलं काहीही आधीपासून बसवलेलं नसतं. बुकवर्म लाइटवर पाच पॅकेजेस लागतात: पाइपवायर, पाइपवायर-पल्स, वायरप्लंबर, पल्सऑडिओ-युटिल्स आणि लिबस्पा-०.२-ब्लूटूथ. लोक शेवटचं हमखास विसरतात. ते नसलं की ब्लूटूथ व्यवस्थित, ध्वनी व्यवस्थित, पण दोघांची गाठ पडत नाही. पल्सऑडिओ-युटिल्स या नावाने दचकू नका. पाइपवायरवरही चालणारी ‘पीएसीटीएल’ ही कमांड त्याच पॅकेजात येते. (पी, ए, सी, टी, एल. पुढे ती सारखी लागणार आहे.)

इशारा: पल्सऑडिओ आणि पाइपवायर दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका. स्पीकर ज्याच्या हाती आधी लागेल त्याचा होतो, आणि तुमची स्क्रिप्ट दुसऱ्याला विचारत बसते.

शेवटी, ‘ग्रुप्स’ ही कमांड चालवून तुमचा युजर ‘ब्लूटूथ’ गटात आहे का पाहा. नसेल तर ‘सुडो यूजरमॉड -एजी ब्लूटूथ’ आणि पुढे युजरचं नाव (ए लहान, जी मोठा). मग लॉगआउट करून परत या, नाहीतर बदल लागू होत नाही.

टप्पा २: जोडी, विश्वास आणि पत्ता

नुसतं ‘ब्लूटूथसीटीएल’ टाइप करून आत शिरा. स्पीकर जोडणीच्या अवस्थेत ठेवा, म्हणजे त्याचा दिवा भराभर लुकलुकायला हवा. मग याच क्रमाने: ‘स्कॅन ऑन’, पत्ता दिसला की ‘पेअर’ आणि पत्ता, ‘ट्रस्ट’ आणि पत्ता, ‘कनेक्ट’ आणि पत्ता, ‘स्कॅन ऑफ’.

‘ट्रस्ट’ गाळू नका. ते दिलेलं नसलं की स्पीकर चालू झाल्यावर आपणहून पायकडे येऊ पाहतो, पाय परवानगी विचारतो, आणि पहाटे सहाला परवानगी द्यायला कुणी जागं नसतं. ‘स्कॅन ऑफ’ही गाळू नका. सतत शोध चालू राहिला तर आवाज अडखळतो. या छोट्या पायवर वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात कोंबलेले असतात, त्यात आणखी गर्दी नको.

‘कनेक्ट’ केल्यावर ‘बीआर-कनेक्शन-प्रोफाइल-अनअव्हेलेबल’ अशी चूक आली, तर स्पीकर निर्दोष आहे. ध्वनीचा सर्व्हर चालू नाही, किंवा लिबस्पाचं ते पॅकेज नाही, एवढाच त्याचा अर्थ. टप्पा १ वर परत जा. याच चुकीपायी लोक स्पीकर दहा वेळा विसरवतात आणि पुन्हा जोडतात. उपयोग काही होत नाही.

आणि स्क्रिप्टमध्ये स्पीकरचं नाव वापरू नका, पत्ता वापरा. फोनच्या अ‍ॅपमधून नाव कुणीही बदलतं, आणि एकाच मॉडेलचे दोन स्पीकर घरात आले की नावाला काही अर्थ उरत नाही.

टप्पा ३: दुवा चालू आहे का

माणसाने बघायचं असेल तर:

    ब्लूटूथसीटीएल डिव्हाइसेस कनेक्टेड

इथे ‘कनेक्टेड’चं पहिलं अक्षर मोठं. ही चाळणी बुकवर्ममधल्या ब्लूझ (लिनक्सचं ब्लूटूथ सॉफ्टवेअर) ५.६६ मध्ये आहे, बुल्सआयमधल्या ५.५५ मध्ये नाही. जुन्यावर हे चालवलंत की हवी ती यादी मिळत नाही, आणि स्क्रिप्ट जे हाती येईल त्यालाच खरं मानून पुढे जाते. एका पायवर लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्या पायवर नेताना इथे पाय घसरतो.

एकाच स्पीकरची माहिती ‘ब्लूटूथसीटीएल इन्फो’ आणि पत्ता दिल्यावर मिळते. त्यातली ओळ पूर्ण शोधायची, म्हणजे ‘कनेक्टेड: येस’ एवढं सगळं. नुसतं ‘येस’ शोधल्यावर काय होतं ते वर वाचलंतच. कमांडचा निकाल-अंकही (संपताना ती मागे ठेवते तो; ० म्हणजे सगळं ठीक) फसवा आहे. स्पीकर बंद असला तरी त्याची माहिती छापता आली म्हणून निकाल ० येतो.

पण स्क्रिप्टसाठी मी ही कमांड आता वापरतच नाही. ती माणसासाठी बनवलेली आहे. तिचं आउटपुट आवृत्तीगणिक बदलतं, मधेच रंगांची चिन्हं घुसतात, आणि ब्लूटूथची सेवा बंद असेल तर ती वाट बघत लटकून राहते. स्क्रिप्टने सरळ डी-बसला, म्हणजे लिनक्समधले प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या वाटेला, विचारावं:

    बससीटीएल गेट-प्रॉपर्टी ऑर्ग.ब्लूझ /ऑर्ग/ब्लूझ/एचसीआय०/डेव्ह_एए_बीबी_सीसी_११_२२_३३ ऑर्ग.ब्लूझ.डिव्हाइस१ कनेक्टेड

हे सगळं एका ओळीत. ‘ब्लूझ’ म्हणजे बी, एल, यू, ई, झेड. ‘डेव्ह’ म्हणजे डी, ई, व्ही. ‘डिव्हाइस१’ आणि ‘कनेक्टेड’ यांची पहिली अक्षरं मोठी, आणि पत्त्यातली सगळी अक्षरं मोठी. उत्तर एवढंच: ‘बी ट्रू’ किंवा ‘बी फॉल्स’. जोडी पुसली गेली असेल तर तो मार्गच नसतो, मग चूक येते आणि निकाल-अंक शून्य राहत नाही. म्हणजे ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ ही दोन उत्तरं वेगळी मिळतात. मला ही कमांड आवडते ती एवढ्यासाठीच.

पत्त्यात आधी विसर्गासारखे दोन ठिपके होते, इथे अंडरस्कोर आले, हे लक्षात घ्या. पत्ता स्क्रिप्टमध्ये एकदाच लिहा आणि ‘टीआर’ कमांडने ठिपक्यांचे अंडरस्कोर करून घ्या. दोन ठिकाणी हाताने लिहिलात तर स्पीकर बदलल्यावर एक ठिकाण नक्की राहून जाईल.

तपासणी: स्पीकर चालू असताना कमांड चालवा, मग बटण दाबून स्पीकर बंद करा आणि पुन्हा चालवा. ‘ट्रू’चं ‘फॉल्स’ झालं तरच पुढे जा.

टप्पा ४: हे ध्वनीचंच यंत्र आहे का, आणि कोणत्या दिशेचं

तुमच्याकडे एकच ठरलेला स्पीकर असेल तर हा टप्पा सोडला तरी चालेल. ‘कुठलाही स्पीकर जोडला की वाजव’ असं हवं असेल, तर मात्र कीबोर्ड, माउस आणि फोन गाळावे लागतात.

त्याच डी-बस मार्गावर ‘यूयूआयडीज’ नावाचा गुणधर्म आहे (चार मोठी अक्षरं आणि शेवटी लहान एस). त्यात सेवांचे लांबलचक क्रमांक असतात. ००००११०बी ने सुरू होणारा क्रमांक असेल तर ते यंत्र आवाज घेतं, म्हणजे स्पीकर किंवा हेडफोन. ००००११०ए असेल तर ते आवाज देतं, म्हणजे बहुधा फोन. फोन पायला जोडून पायलाच स्पीकर बनवलं असेल तर तोही ‘जोडलेलं ऑडिओ यंत्र’ ठरतो, आणि स्क्रिप्ट फोनवर भूपाळी वाजवू बघते.

‘आयकॉन’ या गुणधर्मावर विसंबू नका. कितीतरी छोटे स्पीकर स्वतःला हेडसेट म्हणवून घेतात.

आणि क्रमांक वाचण्याआधी ‘सर्व्हिसेसरिझॉल्व्हड’ हा गुणधर्म (सुरुवातीचा एस आणि मधला आर मोठा) ‘ट्रू’ होऊ द्या. दुवा लागल्यालागल्या विचारलंत, तर पहिल्यांदाच जोडलेल्या यंत्राची यादी अर्धवट मिळू शकते.

टप्पा ५: आवाजाची वाट तयार आहे का

मुख्य प्रश्न हा, आणि तो ब्लूटूथला विचारायचाच नाही. तो ध्वनीच्या सर्व्हरला विचारायचा:

    पीएसीटीएल लिस्ट शॉर्ट सिंक्स

प्रत्येक सिंकची एक ओळ येते: क्रमांक, नाव, पुढे काही तपशील, शेवटी अवस्था. पाइपवायरवर स्पीकरचं नाव ‘ब्लूझ_आउटपुट.’ने सुरू होतं, पल्सऑडिओवर ‘ब्लूझ_सिंक.’ने. पुढे दोन्हीकडे अंडरस्कोरवाला पत्ता आणि मग एक शेपूट. ते शेपूट कधी नुसतं १ असतं, कधी ‘ए२डीपी’चा (ब्लूटूथवरून गाणी पाठवायची पद्धत) काही प्रकार असतो. स्पीकर फोनकॉलच्या अवस्थेत गेला तर पल्सऑडिओवर तेही बदलतं. म्हणून पूर्ण नाव जुळवण्याच्या फंदात पडू नका. सिंकच्या यादीत तो पत्ता आहे की नाही, एवढंच पाहा. यादी सिंकचीच असल्यामुळे दिशेचा प्रश्नही तिथेच मिटतो, आणि पाइपवायर असो की पल्सऑडिओ, स्क्रिप्ट तीच चालते.

आता यातल्या नेहमीच्या चुका. इथे घाई करू नका.

अवस्थेच्या रकान्यात ‘सस्पेंडेड’ दिसलं की लोक स्पीकर तुटला असं समजतात. तसं नसतं. काही सेकंद काहीच वाजलं नाही की सर्व्हर सिंकला डुलकी घ्यायला लावतो. गाणं सुरू केलं की तो आपोआप जागा होतो. तुम्ही ‘रनिंग’ शोधत असाल, तर वाजवण्यासाठी आधी वाजत असायला हवं, अशी अट घालून बसला आहात.

सिंकऐवजी कार्डांची यादी बघणं ही दुसरी चूक. आवाज देणारा फोन जोडला तरी कार्ड तयार होतं.

तिसरी चूक ‘पीएसीटीएल गेट-डिफॉल्ट-सिंक’ची. मुख्य सिंक कोणता, याचा आणि स्पीकर जोडलेला आहे का, याचा संबंध असेलच असं नाही. टीव्हीची एचडीएमआय वायर लावलेली असेल तर मुख्य सिंक तोच राहू शकतो. म्हणून वाजवतानाही सिंकचं नाव यादीतून उचलून स्पष्ट द्या. ‘पीएप्ले’ कमांडला ‘--डिव्हाइस=’ आणि पुढे ते नाव असं देता येतं.

आता सगळ्यात छळणारा प्रकार. पायला ना पडदा ना कीबोर्ड, सगळं काम एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने लॉगइन करून. दुवा ‘ट्रू’ दाखवतो, किंवा लागतो आणि लगेच तुटतो, आणि सिंक काही केल्या दिसत नाही. याचं कारण पाइपवायरचा कारभार बघणाऱ्या वायरप्लंबरमध्ये आहे. ब्लूटूथची जबाबदारी तो फक्त अशाच युजरसाठी उचलतो जो यंत्रासमोर बसून लॉगइन झालेला आहे, म्हणजे प्रत्यक्ष पडद्यावर. एसएसएचवरून आलेला माणूस त्याच्या हिशेबी समोर बसलेला नसतो. एका यंत्रावर दोन युजर असले तर त्यांनी स्पीकरवरून भांडू नये म्हणून हा नियम आहे, पण फ्रिजवरच्या पायला तो जाचतो. सोपा उपाय असा: ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’ उघडा, सिस्टम ऑप्शन्समध्ये जाऊन कन्सोलचं ऑटो लॉगइन चालू करा आणि पाय रीस्टार्ट करा. मग पडदा नसला तरी पायच्या दृष्टीने कुणीतरी समोर बसलेलं असतं. वायरप्लंबरच्या ब्लूटूथ सेटिंगमधली ही अट काढूनही टाकता येते, पण तिचं नाव आणि फाइलची जागा ०.४ आणि ०.५ या आवृत्त्यांत वेगवेगळी आहे. नव्या माणसाने ऑटो लॉगइनच करावं.

तपासणी: पाय रीस्टार्ट करा, स्पीकर चालू करा, एक मिनिट थांबा आणि एसएसएचवरून सिंकची यादी बघा. पत्ता दिसला तरच टप्पा ६.

टप्पा ६: स्क्रिप्टमधली तपासणी, क्रमाने

तपासणीचं एक वेगळं फंक्शन करा आणि त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ यापेक्षा जास्त बोलू द्या. माझं फंक्शन चार अंक परत करतं: ० म्हणजे वाट तयार, १ म्हणजे स्पीकरचा दुवा नाही, २ म्हणजे दुवा आहे पण सिंक नाही, ३ म्हणजे पायनेच उत्तर दिलं नाही. सहा महिन्यांनी लॉग वाचताना या चार अंकांनी जेवढं कळतं, तेवढं पानभर मजकुरानेही कळत नाही.

क्रम असा:

१. आधी सिंकची यादी मागा. कमांडच्या आधी ‘टाइमआउट ५’ लावा, म्हणजे पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर ती मारली जाते आणि निकाल-अंक १२४ येतो. त्याच ओळीच्या सुरुवातीला ‘एलसी_ऑल=सी’ हेही लावा (अक्षरं सगळी मोठी). पायची भाषा मराठी ठेवली असेल तर आउटपुटमधले शब्द बदलू शकतात. ते इंग्रजीतच यावेत, म्हणून हे.

२. आलेलं उत्तर आधी एका व्हेरिएबलमध्ये साठवा आणि निकाल-अंक बघा. शून्य नसेल तर ३ परत करा.

३. साठवलेल्या उत्तरात पत्ता शोधा. सापडला तर ० परत करा. इथे बाकी काही विचारायची गरज नाही.

४. नाही सापडला तर डी-बसला दुव्याबद्दल विचारा, तेही टाइमआउट लावून. ‘ट्रू’ असेल तर २, ‘फॉल्स’ असेल तर १, चूक आली तर ३.

इशारा: पायरी १ ते ३ एकाच ओळीत पाइप लावून करू नका. ‘पीएसीटीएल’चं उत्तर थेट ‘ग्रेप’ या शब्द शोधणाऱ्या कमांडमध्ये सोडलंत, तर हाती येणारा निकाल-अंक ग्रेपचा असतो. सर्व्हर मेलेला असला तरी ग्रेप म्हणतो ‘सापडलं नाही’, आणि तुम्ही समजता स्पीकर बंद आहे. मी दोन दिवस स्पीकर चार्ज करत बसलो होतो तो याच ओळीमुळे.

आता प्रत्येक अंकावर काय करायचं ते ठरवा. १ आला तर ‘टाइमआउट १५ ब्लूटूथसीटीएल कनेक्ट’ आणि पत्ता, असा एकदाच प्रयत्न करा. नाही जमलं तर सोडून द्या. दर पाच सेकंदांनी स्पीकरचं दार ठोठावलंत तर मुलाच्या फोनवर चाललेलं गाणं अडखळतं आणि बोलणी तुम्ही खाता. २ आला तर दर सेकंदाला पुन्हा तपासत १५ सेकंदांपर्यंत थांबा. दुवा लागणं आणि सिंक उघडणं यांत थोडा वेळ जातोच, झीरोसारख्या छोट्या पायवर जरा जास्त. ३ आला तर वाजवायचा विचार सोडा, लॉगमध्ये लिहा आणि बाहेर पडा.

आणखी एक बारीक गोष्ट: बरेच स्पीकर झोपेतून उठताना पहिला अर्धा-एक सेकंद गिळतात. ध्वनिफाइलच्या सुरुवातीला एक सेकंद शांतता घाला, नाहीतर ‘घनःश्याम’मधला ‘घ’ रोज हरवेल.

टप्पा ७: स्पीकर लागताक्षणी कळावं, असं हवं असेल तर

ठरावीक वेळी तपासायचं असेल तर हा टप्पा नको. ‘स्पीकर चालू केला की आपोआप वाजू दे’ असं हवं असेल तर:

    पीएसीटीएल सबस्क्राइब

ही कमांड चालूच राहते आणि ध्वनीच्या सर्व्हरमध्ये काही बदललं की एक ओळ छापते. सिंकबद्दलची ‘न्यू’ किंवा ‘रिमूव्ह’ ओळ आली की तुमचं तपासणीचं फंक्शन बोलवा. त्या ओळीला दारावरची बेल समजा. बेल वाजली म्हणजे कुणीतरी आलं, पण कोण ते दार उघडूनच कळतं. ओळीत नुसता क्रमांक असतो, पत्ता नसतो. शिवाय स्पीकर लागताना अशा ओळी भराभर येतात, म्हणून बेल वाजल्यावर दोन सेकंद थांबून मग तपासा.

ऐकणं सुरू झाल्यावर एकदा आपणहूनही तपासा. स्पीकर स्क्रिप्टच्या आधीच लागलेला असेल तर बेल वाजणारच नाही.

सिंकशी कर्तव्य नाही, नुसता दुवा बघायचा आहे, असं असेल तर ‘जीडीबस मॉनिटर --सिस्टम --डेस्ट ऑर्ग.ब्लूझ’ हे डी-बसवरचे बदल दाखवतं, आणि त्याला सुडो लागत नाही. यूडेव्हच्या (यंत्र जोडलं-काढलं की हालचाल करणारी लिनक्सची व्यवस्था) नियमातून गाणं सुरू करायचा मोह टाळा. यूडेव्ह अशी लांबणारी कामं मधेच मारून टाकतो.

टप्पा ८: स्क्रिप्ट कुणाच्या नावाने चालते

‘टर्मिनलमध्ये चालते, क्रॉनमध्ये चालत नाही’ (क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि तिचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं.

ब्लूटूथची सेवा सोसायटीच्या पंपासारखी आहे: अख्ख्या इमारतीला एक, कुणीही विचारा, उत्तर तेच. ध्वनीचा सर्व्हर ज्याच्या त्याच्या घरातल्या नळासारखा आहे. प्रत्येक युजरचा वेगळा. सुडो लावून ‘पीएसीटीएल’ चालवलंत की तुम्ही रूटच्या घरात जाता, आणि तिथे नळच नाही. उत्तर येतं ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. म्हणून ध्वनीच्या कुठल्याही कमांडला सुडो लावायचा नाही, आणि स्क्रिप्ट रूटच्या क्रॉनमध्ये टाकायची नाही.

तुमच्या स्वतःच्या क्रॉनमध्ये टाकलीत तरी एक गोष्ट कमी पडते. आपल्या घराचा पत्ता क्रॉनला माहीत नसतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत ‘एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर’ हे व्हेरिएबल (अक्षरं सगळी मोठी) ‘/रन/यूजर/१०००’ असं ठरवून एक्सपोर्ट करा. १००० हा पायवरच्या पहिल्या युजरचा क्रमांक. तुमचा ‘आयडी -यू’ने बघा.

टप्पा ७ मधली सतत ऐकणारी स्क्रिप्ट असेल तर क्रॉन नकोच, सिस्टमडीची (पायवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) युजर सेवा करा. सेवेची फाइल तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये ‘.कॉन्फिग/सिस्टमडी/यूजर’ इथे ठेवा. तिच्यात ‘आफ्टर’पुढे पाइपवायर-पल्सची सेवा लिहा, ‘रिस्टार्ट’पुढे ‘ऑल्वेज’ लिहा, आणि शेवटच्या भागात ‘वाँटेडबाय’पुढे ‘डिफॉल्ट.टार्गेट’ (‘आफ्टर’, ‘रिस्टार्ट’ आणि ‘वाँटेडबाय’ यांची पहिली अक्षरं मोठी, ‘बाय’मधला बी देखील). मग ‘सिस्टमसीटीएल --यूजर एनेबल --नाऊ’ आणि सेवेचं नाव. इथेही सुडो नाही.

एसएसएचमधून बाहेर पडल्यावर युजरच्या सेवा बंद पडत असतील तर ‘सुडो लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ आणि युजरचं नाव. टप्पा ५ मधलं ऑटो लॉगइन केलं असेल तर सहसा याची वेळ येत नाही. पण लिंगर केलं म्हणून ऑटो लॉगइनची गरज संपते, असं मात्र नाही. लिंगरने सेवा जिवंत राहते, समोर कुणी बसलेलं आहे असं होत नाही. हे दोन्ही एकच समजून लोक एक संध्याकाळ घालवतात.

टप्पा ९: मुद्दाम मोडून बघा

सगळं चालतंय असं वाटलं की या पाच परिस्थिती हाताने घडवा आणि प्रत्येक वेळी लॉगमध्ये आलेला अंक बघा.

१. बटण दाबून स्पीकर बंद करा. दोन-तीन सेकंदांत १ यायला हवा.

२. स्पीकर चालू ठेवून जिन्याने खाली, पार्किंगपर्यंत घेऊन जा. इथे १ लगेच येणार नाही. स्पीकर निरोप न घेता गेला, त्यामुळे पाय त्याची वाट बघत राहतो, आणि ही मुदत सहसा २० सेकंदांची असते. तेवढा वेळ स्क्रिप्ट ० म्हणेल. ही तुमची चूक नाही, आणि स्क्रिप्टमध्ये यावर उपायही नाही. स्पीकरची बॅटरी अचानक संपली तरी असंच होऊ शकतं.

३. घरातल्या दुसऱ्या फोनने स्पीकर पळवू द्या. एका वेळी एकालाच जोडणारे स्पीकर अजून बरेच आहेत. १ आला पाहिजे, आणि ‘कनेक्ट’चा एक प्रयत्न फसल्यावर स्क्रिप्टने गप्प बसलं पाहिजे.

४. ध्वनीचा सर्व्हर बंद करा: ‘सिस्टमसीटीएल --यूजर स्टॉप’ आणि पुढे पाइपवायर-पल्सची सॉकेट आणि सर्व्हिस दोन्ही. नुसती सर्व्हिस थांबवलीत तर सॉकेट तिला पुन्हा उठवते, आणि परीक्षा झालीच नाही हे तुमच्या लक्षातही येत नाही. ३ आला पाहिजे. इथे १ आला तर टप्पा ६ मधला पाइपचा इशारा पुन्हा वाचा.

५. लाइट जाऊन येण्याची नक्कल करा. आधी ‘सुडो पॉवरऑफ’, हिरवा दिवा शांत झाला की पायची वायर काढून परत लावा. धावत्या पायची वायर उपटून परीक्षा घेऊ नका, मेमरी कार्ड खराब होतं. या सगळ्यात स्पीकर मात्र बॅटरीवर चालूच राहू द्या. पाय उठल्यावर स्पीकर त्याच्याकडे आपणहून येईलच असं नाही. बरेच स्पीकर चालू होताना एकदाच शोध घेतात, मग कुणीतरी आपल्याकडे यावं म्हणून थांबून राहतात. म्हणून पाय उठल्यावर साधारण मिनिटभराने स्क्रिप्टने स्वतःच एकदा ‘कनेक्ट’ करायला हवं. आमच्याकडे पहाटे पाचला लाइट जाते त्या दिवशी भूपाळी लागते ती एवढ्या एका ओळीमुळे.